धावत्या भाचीची ओटी

राजापेठ, अमरावती
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यास,
पौर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं मशीन तू पुन्हा शिलाई मशीनच्या खणात टाकून दिलंस हे वाचून मी हसले. किशोर हसला नाही, कारण त्या मशीनसाठी अकोल्याच्या दुकानात हेलपाटे त्याने घातले होते. ते कानात शिट्टी मारतं म्हणून तू घालत नाहीस, आणि फोनवर मी ओरडले की शेजारचे खिडकीत येतात. तेव्हा आपलं पत्रच बरं. पोस्टमन आला की माझ्या क्लासचे दहावीचे पोट्टे आधी पाकीट उलटंसुलटं करून बघतात. मॅडमला अजून पत्र येतं, याचं त्यांना फार नवल वाटतं.

आता मुद्द्याचं. मुद्दा शेवटी लिहिला की तू चिडतेस, म्हणून वरच लिहिते. जानेवारीत नरनाळ्याच्या पायथ्याशी एक मोठी दौड आहे. पन्नास किलोमीटर, डोंगराच्या कडेकडेने. तिला अल्ट्रा म्हणतात. मला ती धावायची आहे. पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

त्या दौडीत नाव लागायचं तर आधी ऑक्टोबरात मोर्शीकडची पंचवीस किलोमीटरची दौड ठरलेल्या वेळेत पुरी करावी लागते. सगळी कच्ची वाट, संत्र्यांच्या बागांमधून निघून टेकडीला वळसा घालून परत. वेळेत पोचलं तर जानेवारीचं दार उघडतं, नाहीतर बंद. ही दौड भरवणारे ओमप्रकाशजी घड्याळाचे फार कडक आहेत असं गजाला सांगते. गजाला म्हणजे माझी धावायची सोबतीण. उर्दू शाळेत शिकवते आणि चढावरसुद्धा अखंड बोलते.

चाळीशी उलटल्यावर हे काय खूळ, असं तू म्हणशील. खरं सांगते आत्या, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांचे निकाल लावते आहे. जूनमध्ये पेढे येतात, ते मी गल्लीत वाटते. माझा स्वतःचा निकाल लग्नानंतर एकदाही लागला नाही. हा एक मला हवा आहे. किशोर नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत पाळ्या करून दमतो, तरी सकाळचा स्वयंपाक त्याने अंगावर घेतला आहे. भात कच्चा राहतो, पण मी बोलत नाही.

आणि गंमत ऐक. ही वाट तुझ्या सासरच्या बोरगावातून जाते. तुझ्या धाकट्या जाऊबाईंच्या ओट्यासमोरून मी धावत जाणार आहे.

तुझी परवानगी मागत नाही, आशीर्वाद मागते. दोन्हींतला फरक तूच मला शिकवला आहेस.

तुझा लोभ रागातून आला तरी चालेल, पण येऊ दे.
तुझी पौर्णिमा

~

जठारपेठ, अकोला
२९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पौर्णिमास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडं मी खुशाल हाये, गुडघे तेवढे नाराज हायेत.

तुहं पत्र दोनदा वाचलं. म्हटलं चष्म्यानं गफलत केली असन. पन्नास किलोमीटर म्हणजे अकोल्याहून मूर्तिजापूर मागं टाकून पुढं. बाई, तिकडं जायले एसटी हाये, रेल्वे हाये, मंग पायाले कायले त्रास देऊन राहिली? मागं कोणी लागलं नाई, पुढं कोणी बोलावलं नाई, तरी पळायचं. शेजारच्या चंदनले इचारलं का लोक खरंच असे पळतात काय. त्यानं मोबाइलवर दाखवलं. निरे वाळलेले माणसं, तोंडं अशी का घरी आग लागली. अन शेवटी भेटते काय, त एक बिल्ला. ते पाहून मले दोन घास जास्त गेले, का बापा, आपण घरी हाओत हे बरं हाये.

हे झालं हसण्याचं. आता जे नाई हसण्याचं, ते लिहून राहिली. तुह्या बापाची गोठ तुले माहीत हाये. मूर्तिजापूरच्या स्टँडवर सुटलेल्या एसटीमागं धावला, दांडा धरला, आत बसला अन बसल्या जागी मान टाकली. माह्याहून लहान होता. तू तवा सातवीत होती. तुले मी अकोल्याले घेऊन आली, वाढवलं, पण एक गोठ कधी बोलली नाई. तवापासून कोणी धावताना दिसलं का माह्या पोटात गोळा येते. शाळेत तू खो-खो खेळे, तवा मी पाहायले कधी आली नाई, ते याच्यासाठीच. मले काम होतं असं सांगे, पण काम काही नव्हतं.

तू परवानगी मागत नाई, मंग मी देतही नाई. आशीर्वाद देऊन राहिली, कारण तो अडवता येत नाई. फल्लीदाण्याचे लाडू चंदनच्या भावासंगं धाडले हायेत. पळायच्या पहिले एक अन नंतर दोन खाजो. किशोररावले सांगजो, भाताले पाणी बोटाच्या दोन पेरांएवढं ठेवा.

बोरगाव मधात हाये हे वाचून जीव जरासा खाली बसला. आपल्या माणसाच्या दारावरून पोट्टी तशीच जाईन असं होत नाई.

माया हाये म्हणून तोंड चालते, एवढं समजून घेजो.
तुही आत्या

~

जठारपेठ, अकोला
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. गीतांजलीस,
मोठ्या सासूचे अनेक आशीर्वाद. रोहितले अन तुह्या सासूले मी इचारलं म्हणून सांगजो.

तुह्याकडं एक काम हाये. माह्यी भाची पौर्णिमा, जिले मी लहानाची मोठी केली, ती वीस तारखेच्या रविवारी सकाळी आपल्या बोरगावातून पळत जाईन. घाबरू नका, शर्यत हाये. आंगात बंडीसारखं काही राहीन अन छातीवर नंबर. नंबर मले माहीत नाई, पण नाकावरून ओळखू येईन. नाक माह्यावानीच हाये अन राग त्याच्यावरच बसलेला राहते.

तिले थांबवजो. पाणी पाजजो, बसवजो. श्वास जाग्यावर आल्याबिगर सोडू नको. ती म्हणन वेळ नाई, तू ऐकू नको. तिच्या बापाचं काळीज धावण्यानंच गेलं हे तुह्या सासूले माहीत हाये.

अन लग्न झाल्यापासून पौर्णिमा आपल्या दारी आलीच नाई. पहिल्या खेपेले लेकीबाळीले खाली हातानं लावून देत नाई, हे मी तुमाले काय सांगू. मी तिथं असती तरी माह्या हातानं ओटी चालत नाई, तुहे मोठे सासरे गेले तवापासून मी कोणाची भरली नाई. म्हणून तुह्या सासूच्या हातानं भरजा. मी सांगितलं हे तिले बोलू नका, नाईतर मले लंबं पत्र येईन.

तुमची सगळ्याइची याद येते, ती अशीच येत राहो.
आशाबाई

~

राजापेठ, अमरावती
२१ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि. पाय सुजले आहेत, त्यामुळे साष्टांग नमस्कार सध्या कागदावरच.

तुझा जीव टांगणीला नको म्हणून निकाल आधी सांगते. मी धडधाकट आहे आणि नापास झाले आहे.

सुरुवात फार छान झाली होती. गवतावर दव होतं, बागांमध्ये संत्री नुकती रंग धरू लागलेली, आणि गजाला तिच्या हेडमास्तरांची नक्कल करत पुढे. टेकडी चढून उतरलो तेव्हा हातात भरपूर वेळ होता. गजाला म्हणाली की असंच राहिलं तर जानेवारी पक्का समज. तेवढ्यात बोरगावची वेस आली.

वेशीवर सात-आठ बायका उभ्या होत्या. मला वाटलं टाळ्या वाजवायला आल्या. पुढच्या सगळ्यांना त्यांनी जाऊ दिलं. माझ्या मात्र नाकाकडे निरखून बघितलं आणि एकीने माझा हात धरला. ती तुझी गीतांजली. मी म्हणाले वेळ नाही. ती म्हणाली दोनच मिनिटं. आत्या, मी गणित शिकवते, पण आपल्या वऱ्हाडातली दोन मिनिटं म्हणजे किती, याचं सूत्र मला अजून सापडलेलं नाही.

ओट्यावर तुझ्या जाऊबाई पाट मांडून बसल्या होत्या. आधी बूट काढायला लावले. नाड्या सुटू नयेत म्हणून मी दुहेरी गाठी मारल्या होत्या, त्या सोडायला तिघीजणी खाली बसल्या. मग कढत पाण्याने पाय धुतले. खरं सांगते, त्या पाण्यात पाय गेले आणि मला शर्यतीचा विसर पडला. तोही माझाच दोष.

मग ओटी. ओटी घ्यायला पदर लागतो, आणि माझ्या अंगात टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. जाऊबाईंनी जरा विचार केला आणि सुनेची ओढणी माझ्या खांद्यावर टाकून पदर तयार केला. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ, आणि वर जरीचं लुगडं. लग्नाला सतरा वर्षं झाली आणि लेक आज दारी आली, असं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी आलेल्या बाईला वेळमर्यादा कशी समजावायची, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चहा घेतला.

माझ्यासाठी थांबलेल्या गजालालाही त्यांनी सोडलं नाही. तिच्या हातात नारळ दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, अदबीने सलाम केला, हळूच माझ्या पाठीवरच्या पिशवीत टाकला आणि पळाली. म्हणजे पुढची सगळी वाट माझ्या पाठीवर दोन नारळ. लुगडं मी हातापाया पडून तिथेच ठेवलं. पण ओटीचा नारळ कुठे टाकणार? तो टाकून दिला असता तर तू मला टाकून दिलं असतंस. पिशवीच्या कोपऱ्यातून तांदूळ गळत होते आणि दोन कोंबड्या बऱ्याच लांबपर्यंत माझ्या मागे आल्या. पळण्यात त्या माझ्याहून सरस होत्या.

शेवटाला हवेने फुगवलेली एक हिरवी कमान असते. मी शेवटच्या वळणावर आले आणि माझ्या डोळ्यांदेखत तिची हवा सोडली. आधी एक बाजू वाकली, मग सगळी कमान हळूच खाली बसली. मी तिच्यावरून पाय टाकून आत गेले. ओमप्रकाशजींनी घड्याळ दाखवलं. अगदी थोडक्यात हुकलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवरचे नारळ बघितले, कपाळावरचं कुंकू बघितलं, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे असं म्हणाले. त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

गाडीत मी सगळ्यांना ही गोष्ट सांगून हसवत होते. घरी आले, किशोरने चहा केला, आणि मग मी रडले. नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि पुन्हा रडले. मला ते फार हवं होतं गं आत्या.

बोरगावकरांवर राग नाही. त्यांनी केलं ते मायेनेच केलं. फक्त एक कळत नाही, मी त्या दिवशी तिथून जाणार हे त्यांना सांगितलं कुणी?

मी नापास झाले तरी तुझी माया नापास करू नकोस.
तुझी पौर्णिमा

~

जठारपेठ, अकोला
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पौर्णिमास,
अनेक आशीर्वाद.

मुद्दा वरच लिहून राहिली. बोरगावले मी कळवलं. थांबवा, बसवा, श्वास जाग्यावर आल्याबिगर सोडू नका, असं मीच लिहिलं. ओटीचंही मीच सांगितलं. कोंबड्याइचं मात्र माह्याकडं नाई.

खरं लिहून राहिली, पहिले दोन दिवस मी काही वाईट केलं असं मले वाटलंच नाई. मनातल्या मनात मी तुह्याशी भांडली. पाहुणचार केला म्हणजे काय घर लुटलं? पोट्टीचे पाय धुतले, चहा पाजला, यात कोणाचं काय गेलं? मंग तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा हाती घेतलं अन ते खोबरं खाऊन रडल्याचं वाचलं. तुह्या बापाच्या वेळेस तू रडली नाई. लग्नात त हसत हसत गाडीत बसली, लोक मले म्हणे का पोट्टी दगडाची हाये. ते पोट्टी एका रबराच्या कमानीसाठी रडली, तवा ते कमान निरी रबराची नसन, एवढं मले समजलं.

मले तुहं पळणं थांबवायचं नव्हतं. तुहं काळीज थांबू नये, एवढंच पाहायचं होतं. माह्या हातून दोन्हीची गल्लत झाली. चुकलं माह्यं.

आता सांग मी काय करू. त्या ओमप्रकाशले पत्र लिहू काय? का त्याच्या घरी जाऊन बसू? मी बसली का लोक लवकर ऐकतात, कारण मले त्याइचं काही ऐकू येत नाई.

दिवाळीचा चिवडा संगं धाडून राहिली. रागानं परत नको धाडू.
तुही येडी, बह्याड आत्या

~

राजापेठ, अमरावती
६ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि. चिवडा संपला. रागाने खाल्ला, म्हणून लवकर संपला.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं की चार दिवस तुझ्याशी बोलायचं नाही. मग लक्षात आलं की आपण बोलतच नाही, लिहितो, म्हणजे तुला काही कळलंच नसतं. तेव्हा लिहूनच रागावते. तू मला विचारायला हवं होतंस. मी काही आता सातवीत नाही. तुला भीती वाटत होती तर ती मला सांगायची होतीस, गीतांजलीला नाही. झालं, एवढाच राग होता.

आता माझं ऐक. बाबांना धावायची सवय नव्हती आणि ते एकाएकी धावले. मी दोन वर्षं सवय करते आहे. तरी तुझ्यासाठी म्हणून परवा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंगाला तारा लावून मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं. मी थांबेना, शेवटी त्यांनीच पट्टा बंद केला आणि म्हणाले की काळीज बैलाचं आहे. त्या रेघांच्या कागदाची नक्कल सोबत आहे. तुला त्यातलं काही समजणार नाही, मलाही समजलं नाही, पण देवाजवळ ठेव.

आणि तू लिहिलंस म्हणून मीही लिहिते. मलाही भीती वाटते. जिना चढून छातीत धडधडलं की मला बाबांची एसटी आठवते. धावायला लागले तेव्हापासून ती धडधड ओळखीची झाली आहे. घरात बसून राहिले तर ती पुन्हा परकी होईल.

ओमप्रकाशजींच्या घरी बसू नकोस. गजालाने निवडणुकीच्या ड्यूटीवर असतानाही चौकशी करून बातमी आणली. राहिलेल्यांसाठी आठ डिसेंबरला त्याच वाटेवर पुन्हा दौड आहे. ही शेवटची संधी. यातही हुकलं तर जानेवारी विसरायचा. गजालाचं नाव कधीच लागलं आहे, तरी ती माझ्यासाठी पुन्हा धावणार आहे.

म्हणजे पुन्हा बोरगाव. आत्या, त्यांना आवर. पाणी नको, पाट नको, ओटी तर नकोच. आणि ओटी घ्यायची झालीच तर मी तुझ्या हातची घेईन. तुझ्या हातची चालत नाही असं तू म्हणशील. मला चालते.

राग इथे संपला. लोभ होता तिथेच आहे.
तुझी पौर्णिमा

~

बोरगाव, ता. मोर्शी
२५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मोठ्या आईस,
गीतांजलीचा शि. सा. नमस्कार. इकडे सर्व मजेत. कापसाची वेचणी चालू आहे, तुरी फुलावर आहेत.

तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. पौर्णिमाताईंना थांबवू नका, काही देऊ नका, असं तुम्ही लिहिलं. पण मोठ्या आई, त्याचा इथे उलटाच अर्थ निघाला. सासूबाई म्हणतात का जाऊबाई नाराज आहेत. मागल्या खेपेला लुगडं राहून गेलं, म्हणून त्या असं नको-नको लिहितात. कोणी नको म्हटलं का अजून वाढावं, हे का मला शिकवायला पाहिजे, असं मलाच बोलल्या. मी पत्र परत वाचलं, तर म्हणाल्या का पाहा, दोनदा नको लिहिलं, म्हणजे मनाला फारच लागलं.

आता लुगडे दोन झाले. दुसरं त्या गजालाताईंसाठी, कारण त्या बिचाऱ्या एका नारळावर गेल्या म्हणून सासूबाईंना झोप नाही. आमच्या बचत गटाच्या बायांनी त्या दिवशी मांडे करायचं ठरवलं आहे. एका घरी पुरण, एका घरी आमरसाचा डबा फोडणार. ह्यांनी म्हणजे रोहितनी समजावून पाहिलं का शर्यतीत कोणी मांडे खात नाही. त्यांना सांगितलं का तुम्ही वावरात जा.

मी सून, माझं कोण ऐकते. कागदावरचं नको इथे कोणी मानणार नाही. तुम्ही स्वतः येऊन तोंडानं सांगितलं तरच काही होईल. गुडघ्यांचं मला माहीत आहे, तरी लिहिते. मोर्शीच्या स्टँडवर ह्यांना ऑटो घेऊन पाठवते.

तुमची वाट पाहण्यात आमचं प्रेम आहे असं समजावं.
गीतांजली

~

मुक्काम बोरगाव
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. पौर्णिमास,
अनेक आशीर्वाद. काल तू गेली तवापासून हे पत्र डोक्यात लिहून राहिली, आता कागदावर उतरवते.

तुले न सांगता आली, हे पहिले माफ कर. सांगितलं असतं त तू येऊ नको म्हटलं असतं, अन आमच्याकडं नको कोणी मानत नाई हे तुले आता समजलंच असन. पंचाहत्तरी झाली तवापासून एसटीत मले कोणी तिकीट मागत नाई. अमरावतीले गाडी बदलली, तुह्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तरी आली नाई. गुडघे मोर्शीपर्यंत रडले, मंग थकून चूप झाले.

सकाळी उजाडल्याबरोबर मी वेशीवर खुर्ची टाकून बसली. मांडीवर काठी आडवी. माह्या मागं साऱ्या बाया, ताटं झाकून. जाऊबाईले मी सांगितलं का जिनं पाय पुढं टाकला तिले काठी. तिनं लय वाद घातला. हात नाचवून नाचवून बोलली, पदर डोळ्याले लावला. काय बोलली ते मले ऐकू आलं नाई. बहिरेपणाचा असा फायदा मले पहिल्यांदाच झाला. शेवटी ते माह्याच शेजारी मातीत बसली अन आमी दोघीनं एक मांडा अर्धा अर्धा खाल्ला.

मी पक्कं ठरवलं होतं का तुह्याकडं पाहायचंही नाई. हात वर करायचा नाई, मान हलवायची नाई. पोट्टीले जाऊ द्यायचं. तुरीच्या वावराच्या बाजूनं ते गजाला पहिले दिसली, मंग तू. लाल चेहरा, केस तोंडावर, निरी तुह्या बापाची चाल. माह्या पोटात तो गोळा आला. मी खुर्चीचे हात धरून बसली.

अन तूच थांबली. मले लय राग आला. मी काठी उगारली, जाय म्हणून ओरडली. मले वाटते साऱ्या गावानं ऐकलं. तू ऐकलं नाई. माह्या पुढं बसली, माहा हात धरला अन आपल्या छातीवर दाबून ठेवला. बोलली असती तरी मले कुठं ऐकू येणार होतं.

पौर्णिमा, कान गेले, पण हाताले समजते. पहिले धाडधाड लागलं अन मी भेली. मंग ते एका ठेक्यात आलं. जोरात, पण सरळ, जसं माह्यं शिलाई मशीन जाड्या कापडावर चालते तसं. तू माह्याकडं पाहून हसली अन पळाली. किती वेळ थांबली कोणास ठाऊक, मले त लय वाटला.

तुले एक सांगायचं राहिलं होतं. मूर्तिजापूरच्या दवाखान्यात मी पोचली, तवा तुह्या बापाच्या छातीवर असाच हात ठेवला होता. हाताले काहीच लागलं नाई. तीस वर्षं झाली, तो हात तसाच रिकामा होता. भाकरी केल्या, कपडे शिवले, तुह्यी वेणी घातली, तरी रिकामाच. काल तो भरला.

तू गेल्यावर मी खुर्चीवरून उठली नाई. तू माह्यापायी थांबली म्हणून पुन्हा हुकलं, असं मनानं घेतलं. बाया मांडे खायले बोलावत होत्या, मी गेली नाई. दुपारी किशोररावचा फोन रोहितले आला. रोहितनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माह्या पुढं धरलं का कमान उभी होती. वेळ उरून पोचल्या दोघी. मी तो कागद देवाजवळ ठेवला, तुह्या त्या रेघाइच्या कागदावर. तो मी अकोल्याहून संगं आणला होता. मंग मी तीन मांडे खाल्ले.

नरनाळ्याले मी येऊन राहिली. रोहितले सांगून ठेवलं, खुर्ची गाडीत टाकजो. यावेळेस वेशीवर नाई, कमानीच्या पलीकडं बसणार. तू ते पन्नासच्या पन्नास पळून ये, घाई नको करू, मधात कोणी हात धरणार नाई. जाऊबाईचे दोन्ही लुगडे मी पेटीत घेऊन ठेवले, एक तुहं, एक गजालाचं. नारळ ताजा आणीन.

अन ओटी तू म्हटली तशी माह्या हातानं भरते. परवानगी तू मागितली नव्हती, तरी देऊन राहिली, ठेव जवळ. माह्या हातच्या ओटीवर लोक मागून जे बोलतील ते बोलोत. मले ऐकू येत नाई.

तुह्यावर जीव हाये, अन आता तो गोळा होऊन नाई बसत.
तुही आत्या